दुकानांतील उमेदवार व त्याचें शिक्षण

शेतकीच्या मासिकांत दुकानदारीचा विषय कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर प्रथम देणें बरें. आपल्या प्रांतांत शेतकऱ्याच्या वांट्यास येणारी जमीन पिढीगणिक कमी होत आहे. सरकारी शेतीगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील एका खातेदाराची सरासरी जमीन १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती. ती २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टरांवर आली. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां वारसाच्या व वांटणीच्या फेरफार नोंदी आमच्या हातांखालून गेल्या. त्यांवरून हें आम्हांस आंकड्यांवांचूनहि दिसत होतें. ज्या सातबाऱ्यावर एक नांव होतें त्यावर पांच नांवें चढतात, आणि विहीर एकच असते. अशा घरांतील मुलग्यांपैकीं एक जमिनीवर राहतो, दुसरा ऊसतोडीस किंवा पुण्याच्या कारखान्यांत जातो, आणि तिसरा जवळच्या पेठेंत कोणाच्या तरी दुकानावर राहतो. हा तिसरा मुलगा तेथें काय शिकतो, याची चौकशी घरचें माणूस क्वचितच करतें. पगार किती, एवढेंच विचारलें जातें.

आमचा चौसाळा ही अशीच एक पेठ आहे. बीड तालुक्यांत, मांजरसुंब्याच्या पुढें धाराशिवच्या वाटेवर, धुळें-सोलापूर हमरस्त्यास लागून हें गांव वसलेलें आहे. आसपासच्या खेड्यांतील कापूस, सोयाबीन, तूर व रब्बी ज्वारी पिकविणारा शेतकरी बी, खत, औषध, किराणा, लोखंड व कापड यांसाठीं येथें येतो. यांपैकीं खत-बियाणांच्या दुकानाचाच विचार आम्ही मुख्यतः करणार आहों, व त्याचें कारण उघड आहे. मालक गल्ल्यावर बसलेला असतो. आपल्या हातांत बाटली किंवा पिशवी देतो तो अठरा-वीस वर्षांचा मुलगा. मृगाच्या गर्दींत मालकाशीं दोन शब्द बोलावयास मिळत नाहींत, तेव्हां शेतकरी त्या मुलालाच विचारतो, "यावर काय मारूं?" आणि मुलगा सांगतो तें घेऊन घरीं जातो. त्या मुलाचें शिक्षण कच्चें राहिलें तर त्याची झळ दुकानास लागत नाहीं; ती आपल्या शेतास लागते. तात्पर्य, मुलगा आपला असो वा परक्याचा असो, त्याच्या शिकण्याशीं शेतकऱ्याचा संबंध दोन्ही बाजूंनीं येतो.

जाणत्या माणसाच्या हाताखालीं अल्प पगारावर राहून काम शिकणें, यास आपल्याकडे पूर्वींपासून उमेदवारी म्हणतात. ती कचेरींत होती, वकिलाकडे होती व पेठेंत तर होतीच. कचेरींत नव्या माणसास प्रथम नकला करावयास बसवीत. त्यास वाटे, हें बिनडोक काम आहे. परंतु शंभर नोंदींची नक्कल करतां करतां चुकीची नोंद कशी दिसते हें त्याच्या डोळ्यांस आपोआप कळूं लागे. दुकानांतील शिक्षण याच जातीचें आहे. १९६१ च्या कायद्यानें 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द सरकारी दप्तरांतहि पक्का केला आहे. जर्मनीसारख्या देशांत तर दुकानांत विक्री करणें हा रीतसर शिकण्याचा धंदा मानला जातो. तेथें मुलगा दोन किंवा तीन वर्षें दुकानांत काम करतो, आठवड्यांतून एक-दोन दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेंत जातो, व शेवटीं परीक्षा देतो. आपल्या पेठेंत शाळाहि नाहीं व परीक्षाहि नाहीं. जें कांहीं होतें तें कामांतूनच होतें. म्हणून तें कसें होतें हें नीट पाहणें अधिकच अगत्याचें आहे.

पूर्वींच्या पद्धतीविषयीं दोन शब्द येथेंच सांगून टाकतों. हा भाग निजामाच्या राज्यांत असतां येथें हाली शिक्का नाणें चालत असे. १९५७ च्या एप्रिलांत दशमान नाणीं सुरू झालीं, व पुढें कांहीं वर्षांतच शेर-मणाच्या जागीं किलो आला. त्या काळच्या उमेदवारास पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी तोंडपाठ असल्याखेरीज तागडीस हात लावूं देत नसत. आतां हिशेबाचें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे, तागडीच्या जागीं बिजलीचा कांटा आहे, आणि पैसे आल्याची वार्ता गल्ल्यावरचा डबा मोठ्यानें सांगतो. तरीहि आमचें मत असें कीं, ज्या मुलास तोंडी हिशेब येतो तोच यंत्राची चूक पकडतो. यंत्रावर एक शून्य जास्त पडलें तर दुसरा मुलगा तें तसेंच वाचून दाखवितो, व गिऱ्हाइकाशीं वाद घालतो. असो.

पहिले दोन-तीन महिने नव्या मुलाकडे झाडलोट, पाणी भरणें व माल उतरवून रचणें हींच कामें असतात. बाप एखाद्या बाजाराच्या दिवशीं येतो, मुलाच्या पाठीवर पोतें पाहतो, व घरीं जाऊन म्हणतो, "पोरगं नुसती हमाली करतंय." ही समजूत अर्धीच खरी आहे. माल रचणें हा दुकानांतील पहिला धडा आहे, मात्र तो कोणीं तरी धडा म्हणून शिकविला पाहिजे. युरियास ओल लागली कीं त्याचे ढेप बनतात. म्हणून पोत्यांखालीं लाकडी फळ्या घालावयाच्या व थप्पी भिंतीपासून हातभर दूर ठेवावयाची. बियाणें विषारी औषधाच्या शेजारीं ठेवावयाचें नाहीं. पातळ औषधाच्या बाटल्या खालच्या फळीवर व भुकटीच्या पुड्या वरच्या फळीवर, म्हणजे बाटली फुटली तरी खालचा माल नासत नाहीं. ज्याची मुदत लौकर संपणार तो माल पुढें, नवा आलेला मागें.

सोयाबीनचें उदाहरण विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. या दाण्याचें साल फार पातळ असतें व त्याचा कोंभ सालीच्या अगदीं लगत असतो. ट्रकांतून पोतें आपटलें, किंवा थप्पी फार उंच रचून खालच्या पोत्यावर भार पडूं दिला, तर दाणा वरून धड दिसतो पण उगवत नाहीं. ज्या मुलास हें कोणीं सांगितलें नाहीं तो पोतें फेकतो. ज्यास सांगितलें आहे तो दोघां मिळून हळू उतरवून घेतो. काम एकच, मजुरी एकच. पण पहिला हमाल राहिला व दुसरा बियाण्याचा जाणता होऊं लागला. आणि त्या पहिल्याच्या फेकण्याचा भुर्दंड आपण जून महिन्यांत भरतों, तेव्हां तास विरळ कां निघाले हें कोणासच कळत नाहीं.

पोतीं वाहतां वाहतां मुलाच्या तोंडीं आंकडे बसतात: अठरा-शेहेचाळीस, दहा-सव्वीस-सव्वीस, बारा-बत्तीस-सोळा. पुष्कळ दिवस तो यांस नांवें समजतो. जसें माणसाचें नांव तसें खताचें. हे आंकडे म्हणजे शेंकडा नत्र, स्फुरद व पालाश यांचें प्रमाण आहे, हें ज्या दिवशीं त्यास उमगतें त्या दिवशीं तो खरा दुकानदार होऊं लागतो. दहा-सव्वीस-सव्वीसच्या ५० किलोंच्या पोत्यांत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद व १३ किलो पालाश असतें. अठरा-शेहेचाळीसच्या, म्हणजे डीएपीच्या, ५० किलोंत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद. युरियाचें पोतें ४५ किलोंचें. त्यांत नत्र शेंकडा ४६, म्हणजे सुमारें पावणेएकवीस किलो.

हा हिशेब कशास पाहिजे तें पहा. ऐन पेरणींत डीएपी मिळत नाहीं, ही तक्रार आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. अशा वेळीं दुकानांतील मुलगा दोहोंपैकीं एक गोष्ट शिकतो. एका दुकानांत तो असें शिकतो कीं, "डीएपी पाहिजे तर ही बाटलीहि घ्यावी लागेल" असें म्हणावें. यास पेठेंत लिंकिंग म्हणतात. सरकारनें यास मनाई केलेली आहे, तरी तें चालतें. दुसऱ्या दुकानांत मालक मुलास कागद देऊन सांगतो कीं, डीएपीच्या एका पोत्यांतील स्फुरद दुसऱ्या कशानें भरून निघेल तें काढ. सिंगल सुपर फॉस्फेटमध्यें स्फुरद शेंकडा १६. म्हणजे ५० किलोंच्या पोत्यांत ८ किलो, व तीन पोत्यांत २४ किलो. स्फुरद भरून निघालें. राहिलें नत्र ९ किलो; तें सुमारें २० किलो युरियांत, म्हणजे अर्ध्या पोत्याहूनहि कमी युरियांत मिळतें. शिवाय सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांबरोबर सोळा किलोंच्या आसपास गंधक फुकट पदरांत पडतें, आणि सोयाबीनसारख्या तेलबियांस गंधक मानवतें. पोतीं वाहण्याचा त्रास व भाडें जास्त पडतें हें खरें. तें किती पडेल हें ज्यानें त्यानें पाहावें. परंतु हा हिशेब ज्या मुलानें एकदां स्वतः केला त्यास तो जन्मभर विसरत नाहीं, आणि पन्नास शेतकऱ्यांस तो रांगेंतून मोकळें करतो. दोन्ही मुलगे दुकानांतच 'शिकले'. काय शिकले एवढाच भेद.

खतविक्रीचें तें आंगठ्याचें यंत्र २०१८ पासून देशभर झालें. नवीं मुलें तें एका दिवसांत आत्मसात करतात. मालकास तें महिन्यांतहि येत नाहीं, म्हणून कित्येक ठिकाणीं मुलगा मालकास शिकवितो असें उलटें दृश्य दिसतें. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या आंगठ्याच्या रेषा नांगर व विळा धरून झिजलेल्या असतात, यंत्र त्यांस ओळखत नाहीं. चांगला मुलगा बोट ओल्या फडक्यानें पुसून, दुसरें बोट लावून, धीरानें पुन्हां पाहतो; आणि "बाबा, घरून कुणाला तरी घेऊन या" हें वाक्य शेवटचें ठेवतो. हें त्यास कोणत्याहि पुस्तकांत सांपडलेलें नसतें.

बियाण्याच्या पिशवीस जी चिठ्ठी शिवलेली असते तिचा रंगहि उमेदवारानें ओळखला पाहिजे. पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी, व कंपनीनें स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्यास फिकट हिरवी चिठ्ठी असते. हे तीन रंग मुलास सांगावयास पांच मिनिटें पुरतात. परंतु आम्हांस अधिक मोलाचें वाटतें तें हें कीं, मे महिन्याच्या मोकळ्या दिवसांत त्याजकडून उगवणीची परीक्षा करवून घ्यावी. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्या; वर दुसरा ओला तुकडा घालून सैल गुंडाळी करावी व सावलींत ठेवून रोज पाणी शिंपडावें. पांच-सहा दिवसांनीं उघडून धड कोंभ किती ते मोजावे. सोयाबीनच्या शंभर दाण्यांत सत्तर तरी उगवले पाहिजेत, असें प्रमाण आहे. साठच उगवले, तर एकरीं तीस किलोंच्या जागीं पस्तीस किलो बी पेरावें लागेल. त्रैराशिक साधें आहे. ज्या मुलानें आपल्या हातानें हे कोंभ मोजले आहेत तो गिऱ्हाइकास पिशवी देतांना "बिनधास्त न्या" असें म्हणत नाहीं; "पावती, पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बी निघेपर्यंत जपून ठेवा" असें म्हणतो. आपणहि तें जपावें. बी न उगवल्यास तक्रारीस दुसरा आधार नसतो.

आतां औषधांकडे वळूं. येथें शिकण्यांतील उणीव केवळ पैशाची राहत नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हें वाचक विसरले नसतील. त्याचीं कारणें अनेक होतीं: कपाशी डोक्याइतकी वाढलेली, दोन-तीन औषधें एकत्र केलेलीं, तोंडास फडकें नाहीं, उन्हांत व वाऱ्याच्या विरुद्ध फवारा. परंतु यांतील प्रत्येक बाटली कोणत्या ना कोणत्या दुकानांतून, कोणाच्या तरी हातून गेली होती. औषध देणाऱ्यानें त्या वेळीं चार शब्द सांगितले असते तर, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

बाटलीवर एक चौकोनी ठसा असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची पायरी दाखवितो. तांबडा सर्वांत घातक, मग पिवळा, मग निळा, व हिरवा त्यांत सौम्य. ही ओळख मुलास असते. पण ती कशी असते तें पहा. "तांबड्या खुणेचं कडक असतं, किडा लवकर मरतो" असें तो सांगतो, व शेतकऱ्यासहि तें पटतें. वास्तविक ही खूण माणसाच्या जिवास असलेला धोका दाखविते. किडीवर औषध किती लागू पडेल हें ती मुळींच सांगत नाहीं. अशी उलटी समजूत एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे व दुकानाकडून शेताकडे जाते, कारण कामांतून शिकण्याचा हाच दोष आहे: त्यांत खरें जितक्या सहज उतरतें तितकेंच खोटेंहि उतरतें. सांगणाऱ्यास खरें ठाऊक नसेल तर ऐकणाऱ्यास तें कोठून येणार?

जाणता दुकानदार गिऱ्हाइकानें पान पुढें केलें कीं लगेच बाटली काढीत नाहीं; तो विचारतो. पीक किती दिवसांचें? पानाच्या खालच्या बाजूस काय दिसतें? मागला फवारा कशाचा व केव्हां? पाऊस कधीं झाला? पंप किती लिटरांचा? पाठीशीं उभा असलेला मुलगा हे प्रश्न शंभर वेळां ऐकतो, आणि पुढल्या हंगामांत तेच प्रश्न त्याच्या तोंडीं येतात. दुकानांतील खरें शिक्षण तें हेंच. उत्तरें पाठ करून भागत नाहीं, कारण औषधांचीं नांवें दर वर्षीं बदलतात. प्रश्न मात्र तेच राहतात. कपाशीचें पान तांबडें झालें कीं शेतकरी 'लाल्यावर औषध द्या' म्हणतो. पण तें तुडतुड्यांनीं झालें असेल, मॅग्नेशियमच्या अगर नत्राच्या उणिवेनें झालें असेल, किंवा पाण्याचा ताण व रात्रींची थंडी यांनींहि झालें असेल. तुडतुडे नसतां कीटकनाशक मारणें म्हणजे पैसा व आरोग्य दोन्ही वाऱ्यावर सोडणें होय. पान उलटून पाहावयास जो मुलगा शिकला त्यानें आपला एक फवारा वांचविला.

प्रमाणाचेंहि असेंच आहे. शिफारशींत मात्रा बहुधा दहा लिटर पाण्यास सांगितलेली असते. पूर्वींचे पंप त्या मापाचे असत. आतां बॅटरीचे पंप पंधरा, सोळा व वीस लिटरांचे आले. दहा लिटरांस ४ ग्रॅम सांगितलेलें औषध पंधरा लिटरांच्या पंपास ६ ग्रॅम व वीस लिटरांच्या पंपास ८ ग्रॅम लागतें. हें न सांगतां "एका पंपाला एक टोपण" असें सांगणारा मुलगा पंप न विचारतांच बोलतो, आणि टोपण कोणत्या बाटलीचें हेंहि ठरलेलें नसतें. आम्हांस तर वाटतें कीं, प्रत्येक दुकानांत दहा, पंधरा व वीस लिटरांचा तक्ता भिंतीवर लावून मुलाकडून तो रोज एकदां वाचवून घ्यावा.

मुलास शिकविणारा आणखी एक गुरु दुकानांत येत असतो; तो म्हणजे कंपनीचा माणूस. तो नीटनेटका असतो, गोड बोलतो, चहा पाजतो, व इतक्या पेट्या खपल्या तर इतकें बक्षीस असें सांगतो. त्याच्याकडून मुलास औषधांची माहिती मिळते हें नाकारतां येत नाहीं. पुष्कळदां मालकापेक्षां तोच अधिक सांगतो. पण तो आपल्याच कंपनीच्या औषधाची माहिती सांगणार, आणि फवाऱ्याची गरज नाहीं असें तो कधींच सांगणार नाहीं. या शिकवणींतून मुलगा विकावयास शिकतो, नाकारावयास शिकत नाहीं. याची भरपाई करण्यासाठीं हैदराबाद येथील 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेनें २००३ सालीं खत-बियाणें विकणाऱ्या दुकानदारांकरितां एक पदविका अभ्यासक्रम सुरू केला. तो अठ्ठेचाळीस आठवड्यांचा असून त्यांत चाळीस वर्ग व आठ शेतभेटी असतात. दुकान न सोडतां तो करतां येतो. योजना चांगली आहे. मात्र ती मुख्यतः परवानाधारकासाठीं आहे, आणि फळीपुढें उभा राहतो तो मुलगा. मालक वर्गांत शिकून आला व त्यानें मुलास कांहींच सांगितलें नाहीं, तर ती पदविका चौकटींत भिंतीवर राहते.

उधारीचा धडा सर्वांत अवघड व सर्वांत उशिरां मिळतो. आपल्याकडे खत-औषध पुष्कळदां कापूस किंवा सोयाबीन घरांत येईपर्यंत उधार नेलें जातें. खातें कोणाचें, मागील बाकी किती, घरांत कोणाचा शब्द चालतो, यंदा कोणाच्या विहिरीस पाणी आहे, हें सर्व मालकाच्या डोक्यांत असतें, आणि तीं माणसें पाहतां पाहतां मुलाच्याहि डोक्यांत उतरतें. येथें त्याच्या तोंडाची परीक्षा होते. एकाची बाकी दुसऱ्यापुढें बोलणारा मुलगा कितीहि हुशार असला तरी दुकानास नालायक. दुसरें असें कीं, तो खतावणी लिहूं लागला कीं उधारीचा भाव व रोखीचा भाव यांतील अंतर त्याच्या नजरेस पडतें. व्याज वेगळें लिहिलें जात नाहीं. तें भावांत मुरलेलें असतें. शेतकऱ्याच्या मुलानें हें अंतर मोजून घरीं सांगितलें, तर पेढीवर किंवा सोसायटींत पीककर्ज काढून रोखीनें माल घेणें स्वस्त पडतें कीं काय हें त्या घरास प्रथमच कळतें. आमच्या माहितींतील एका घरीं असें झालें. मुलाचा पगार थोडा होता, पण त्याच्या त्या एका हिशेबानें घराचा खताचा खर्च उतरला. (मालकास हें आवडलें नाहीं, हें सांगावयास नकोच.)

कोणत्या दुकानांत मुलगा लौकर तयार होतो? दुकानाच्या मोठेपणावर तें अवलंबून नाहीं. ज्या ठिकाणीं काम थोडें थोडें वाढवीत देतात, आधीं माल, मग मोजमाप, मग पावती, मग गिऱ्हाइकाशीं बोलणें, तेथें तो तयार होतो. जेथें चूक गिऱ्हाइकादेखत ओरडून दाखवितात तेथें मुलगा चूक लपवावयास शिकतो. जेथें रात्रीं दार ओढल्यावर रोजमेळ जुळवितांना ती दाखवितात, तेथें तो पुढच्या वेळीं स्वतःच सांगतो. विषाच्या व्यापारांत लपविलेली चूक फार महाग पडते. आमच्या पाहण्यांत एक दुकानदार असा आहे कीं, तो रोज रात्रीं मुलास एकच प्रश्न विचारतो: आज कोणास काय दिलें व कां दिलें? 'कां' सांगतां आलें नाहीं तर दुसऱ्या दिवशीं तो मुलगा त्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन पीक पाहून येतो. या फेरीस दुकानाचा अर्धा दिवस जातो. परंतु दोन हंगामांत त्या मुलाकडे लोक नांव घेऊन येऊं लागले. शेतकऱ्याच्या मुलास येथें एक जन्मजात सोय आहे: तुडतुडा, मावा, बोंडअळी त्यानें घरच्या रानांत पाहिलेली असते. शहरांतल्या मुलास तें चित्रांतून शिकावें लागतें.

कायद्याविषयीं थोडेंसें. चौदा वर्षांखालील मुलास दुकानांत कामास ठेवणें २०१६ च्या दुरुस्तीनें सर्वस्वी बंद आहे. घरच्या दुकानांत शाळा सांभाळून मदत करण्यापुरती सूट आहे. आमचें मत असें कीं, औषधांच्या दुकानांत अठरा पुरीं होईपर्यंत मुलास बाटल्या हाताळूं देऊं नये, आणि दहावी-बारावी अर्धी टाकवून तर कधींच ठेवूं नये. कारण पुढें त्यानें स्वतःचा परवाना मागितला तर शेतकीच्या शिक्षणाचा दाखला विचारतात. त्या वेळीं दहा वर्षांची उमेदवारी कागदावर कोठेंच दिसत नाहीं. २०२४ सालीं राज्य सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, व तींत बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविलें. आमच्या पेठेंतील लहान दुकानांस मात्र अशा योजनांची फारशी ओळख नाहीं. तेथें पगार तोंडी ठरतो व दिवाळीस कापड मिळतें.

ज्यांस आपला मुलगा अशा दुकानावर ठेवावयाचा आहे त्यांनीं वेळ पाहून ठेवावा. बहुतेक मुलगे मे अखेर, मृगाच्या तोंडावर ठेवले जातात, कारण तेव्हांच मालकास हात पाहिजे असतात. पण त्या गर्दींत शिकविण्यास कोणास सवड नसते. मुलगा पोतीं वाहतो, हंगाम संपतांच त्यास घरीं पाठवितात, व पुढल्या वर्षीं दुसरा येतो. फाल्गुनांत ठेवला तर मार्चअखेरची मालाची मोजदाद त्याच्या हातून होते. कोणता माल वर्षभर पडून राहिला व कोणाची मुदत संपली हें तो पाहतो. एप्रिल-मे मध्यें नवा माल येतो, तेव्हां रचणें, चिठ्ठ्या वाचणें, गोणपाटावर दाणे मांडणें यांस दिवस मोकळे मिळतात. मग रोहिणी निघते, आणि पहिलें गिऱ्हाईक फळीपुढें येऊन उभें राहतें तेव्हां त्या मुलास निदान पंप किती लिटरांचा हें विचारावयाचें सुचतें.